वीज आहे, पण तार पेलेल का?



गटात फिरताना एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. "बाजारात वीज विकत मिळते म्हणता, मग हवी तेवढी का आणत नाहीत?" त्याचा हा थोडक्यात खुलासा.

२००३ च्या वीज कायद्याने विजेच्या व्यापाराला वाट मोकळी झाली. २००८ पासून वीज एक्सचेंजवर दुसऱ्या दिवसाच्या विजेचे सौदे होऊ लागले. सौदा कागदावर होतो, वीज मात्र तारेतूनच येते. पाटाला भगदाड पडले की पाणी शेजारच्या पाटात शिरते आणि तोही फुटतो. ग्रीडचेही तसेच आहे. म्हणून भार प्रेषण केंद्र एक कसोटी लावते : एखादी मोठी लाईन किंवा संच अचानक बंद पडला, तर उरलेल्यांना भार पेलेल का?

ही कसोटी आता अवघड झाली आहे. उद्या कोण कुठून वीज घेईल हे भावावर ठरते. पवनचक्क्या व सौर वीज हवामानावर अवलंबून. पाऊस ओढला की आपले पंप वाढतात. म्हणून एका अंदाजावर न विसंबता अनेक शक्यता तपासाव्या लागतात व लाईनवर थोडी जागा राखावी लागते. ती जागा संपली की स्वस्त वीज असूनही सौदा कापला जातो.

जागा न राहिल्यास काय होते, हे ३० जुलै २०१२ च्या पहाटे दिसले. बिना-ग्वाल्हेर मार्गाची एक लाईन कामासाठी बंद होती, दुसरीवर भार वाढून ती ट्रिप झाली आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन ग्रीड कोसळली. साठ कोटींच्या आसपास लोकांना झळ बसली. आपले पश्चिमेचे आणि दक्षिणेचे ग्रीड तेवढे टिकले.

हाच हिशोब आपल्या डीपीलाही लागू आहे. वीज येताच ऑटोस्विचमुळे सगळे पंप एकदम सुरू होतात, डीपी जळते आणि ऐन उन्हाळ्यात ऊस वाळतो. तेव्हा ऑटोस्विच काढावेत, कॅपॅसिटर बसवावेत व एका डीपीवरील सभासदांनी आपसात पाळी ठरवून पंप चालवावेत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी