घुमा नव्हे, अबोल!

मुलांच्या स्वभावाला नावे ठेवण्यात आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. कमी बोलणारे मूल दिसले की घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा, भिडस्त अशा विशेषणांची रांगच लागते. 'गरजेल तो पडेल काय' ही म्हण आपण कौतुकाने वापरतो, पण पाहुण्यांसमोर मूल गप्प बसले की "अरे बोल की, जीभ नाही का तुला?" म्हणून त्याच्या मागे लागतो. मी मानसशास्त्र विषय घेऊन तृतीय वर्षात शिकते आणि सहा वर्षांच्या एका अबोल मुलाची आई आहे. या दोन्ही नात्यांनी हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

माझा मुलगा आजोबांच्या सहवासात वाढला. त्यामुळे दारी आलेल्या दूधवाल्यालाही तो "अहो, बसा, पाणी देऊ का?" असे विचारतो. वर्गातल्या मुलांनी नावही न ऐकलेली निमकी त्याला पाठ आहे. खेळात कोणी लबाडी केली तर तो भांडत नाही, रात्री झोपताना मात्र गंभीरपणे विचारतो, "आई, असं केलं तर मग खेळायचं कशाला?" नातेवाईक त्याला 'छोटे आजोबा' म्हणतात, तर प्रगतिपुस्तकात 'हुशार आहे, पण मिसळत नाही' असा शेरा येतो.

असा स्वभाव येतो कुठून? अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने 1956 पासून न्यूयॉर्कमधील मुलांचा तान्हेपणापासून अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांत सुमारे 15 टक्के मुले 'हळूहळू रुळणारी' आढळली. नवे माणूस, नवी जागा दिसली की ती आधी मागे सरतात, न्याहाळतात आणि मग आपल्या वेळेने पुढे येतात. हार्वर्ड विद्यापीठातील जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांना हलती खेळणी दाखवली, आवाज ऐकवले. सुमारे एक पंचमांश बाळांनी जोराने हातपाय झाडले, ती रडली. आणि पुढे अनोळखी माणसांपुढे बुजण्याचा कल अशाच बाळांत अधिक दिसला. म्हणजे गप्प मूल मंद नसते. उलट पुष्कळदा त्याला सारे जरा जास्तच जाणवत असते. मात्र हे विधिलिखित नव्हे. त्यांतली बरीच मुले पुढे फारशी बुजरी राहिली नाहीत.

थॉमस आणि चेस यांचा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. कोणताही स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो. मुलाचा स्वभाव आणि भोवतालच्यांच्या अपेक्षा यांची जुळणी कशी होते, यावर सारे अवलंबून असते. याचा मोठा बोलका दाखला चीनमधून मिळतो. शिनयिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधील शाळकरी मुलांची 1990, 1998 आणि 2002 साली पाहणी केली. 1990 मध्ये लाजाळू मुले सवंगड्यांना आवडत होती, शिक्षकही त्यांना मानत होते. 2002 मध्ये तशीच मुले एकटी पडलेली आणि खिन्न आढळली. बारा वर्षांत मुलांचा स्वभाव बदलला नव्हता. धीटपणाला भाव देणारा नवा बाजार आला होता. आपल्याकडेही तो आला आहेच.

अर्थात प्रत्येक गप्पपणा स्वभावच असतो, असे समजून निर्धास्त राहू नये. घरी बोलणारे मूल शाळेत रुळण्याचा काळ सरल्यावरही महिनाभर एक शब्द बोलत नसेल, हाकेला ओ देत नसेल किंवा पूर्वी बोलके असून एकाएकी मिटले असेल, तर त्याचे कान तपासून घ्यावेत, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

बाकी उपाय साधे आहेत. लग्नकार्याला गर्दी होण्याआधी पोहोचावे. कोण येणार, काय होणार, हे त्याला आधी सांगावे. 'कविता म्हणून दाखव' म्हणण्याऐवजी पाण्याचे पेले किंवा अक्षता वाटण्याचे काम द्यावे. हाताला काम मिळाले की तोंडालाही शब्द सापडतात. त्याच्या वतीने आपण उत्तर देऊ नये आणि त्याच्या देखत 'लाजतो हो आमचा' असेही म्हणू नये.

एक धोका मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. घुमा म्हणणे जितके जाचते, तितकेच 'किती शहाणा!' म्हणणेही जाचू शकते. मी पुन्हा महाविद्यालयात नाव घातले, तेव्हा घरात फीचा विषय निघाला होता. पुढच्याच आठवड्यात चिरंजीवांनी "नवे बूट नकोत" असे जाहीर केले. जुने बूट पायाला चावत होते, टाचेला फोडही आला होता. ऐकणाऱ्यांनी त्याचे कौतुक केले. मला मात्र धस्स झाले. अशी मुले घरातली काळजी न सांगता उचलतात आणि स्तुती झाली की ती खाली ठेवायलाही तयार होत नाहीत. बूट त्याच संध्याकाळी आणले. "पैशांचं आम्ही मोठी माणसं बघू, तू खेळायला जा," असे त्याला स्पष्ट शब्दांत सांगितले. आता आठवड्यातून एकदा आम्ही दोघे मुद्दाम चिखलात खेळतो.

उद्या आपल्यापैकी कित्येकजण शिक्षक होतील, बहुतेकजण आईबाप होतील. वर्गात शेवटच्या बाकावर एखादे गप्प, पोक्त मूल दिसेल. त्याला बोलते करण्याची घाई नको. आधी त्याच्या शेजारी थोडा वेळ गप्प बसून पाहावे. बोलायचे असेल तेव्हा ते बोलेल आणि जे बोलेल ते ऐकण्यासारखे असेल.