पुण्यात छापलेली हगादा आणि इस्रायलची वाट

राजगुरुनगरच्या माणसाला बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचं, वेड कसं लागलं, असं मला नेहमी विचारतात. चाकणच्या जर्मन कंपन्यांत लागलेली आमच्या ओळखीतली मुलं जर्मनीतच स्थायिक होऊ लागली, तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. बिऱ्हाड परमुलखात हलवताना माणूस सोबत काय नेतो? मराठी माणसांपुरतं बोलायचं, तर याचं सगळ्यात भरघोस उत्तर बेने इस्रायलींकडे आहे, असं माझं ठाम मत आहे.

इतिहास भराभर सांगतो. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही या समाजाची परंपरागत कथा. पुढे त्यांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं गेलं. गावावरून पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावं पडली. १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनाघर, बांधलं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात एक हगादा छापली गेली. मोशेच्या मागोमाग इजिप्तमधल्या गुलामीतून सुटून एक अख्खा समाज नव्या देशाकडे निघाला, ती कहाणी पेसाह या सणाच्या रात्री घरोघरी वाचतात. ती या पोथीत हिब्रूसोबत मराठीतही आहे. मुंबईत १८४६ मध्येच मराठी हगादा निघाली होती, पण पुण्याच्या हगादेतली चित्रं बघाच. बिनखमिराच्या भाकरीची तयारी चालली आहे आणि ती करणाऱ्या बायका चक्क साडी नेसून, अंबाडा घालून बसल्या आहेत! छापखाना अग्निहोत्र्यांचा, कहाणी मोशेची, बायका आपल्याकडच्या. पेसाहलाही त्यांचं मराठी नाव होतं, ‘अनाशी ढाकाचा सण’. या पोथीच्या ओढीने मी रास्ता पेठेतल्या सुक्कथ शलोमो सिनेगॉगलाही जाऊन आलो. आजूबाजूला पेठेची नेहमीची वर्दळ, आणि आत प्रार्थनेची दिशा जेरुसलेमची.

‘पुढच्या वर्षी जेरुसलेमात’ हे पेसाहला पिढ्यान्‌पिढ्या म्हटलेलं वाक्य १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर खरं होऊ लागलं. तेव्हा भारतात सुमारे २० हजार बेने इस्रायली होते. पुढच्या दोन दशकांत त्यातले बहुतेक गेले. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद इथे बिऱ्हाडं लागली. पण तिथे गेल्यावर वेगळंच वाढून ठेवलं होतं. गोऱ्या यहुद्यांना पांढरा पाव आणि आम्हाला काळा, अशी तक्रार होती. १९५१ मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये थेट ठिय्या दिला. मागणी एकच, आम्हाला परत पाठवा. पुढच्या वर्षी शंभरावर माणसं भारतात परतली, आणि त्यातले बरेच जण पुन्हा तिकडे गेले. जाणं-येणं-जाणं असा हा प्रवास, एकेका कुटुंबाने किती सोसलं असेल!

मोठा घाव पुढे बसला. लग्नाआधी बेने इस्रायलींच्या पूर्वजांची छाननी करा, असा आदेश इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने काढला. म्हणजे ज्यांनी शेकडो वर्षं शनिवार पाळला, त्यांच्या यहुदीपणावरच शंका. १९६४ मध्ये माणसं बायकामुलांसह जेरुसलेमात ठिय्या देऊन बसली. अखेर पंतप्रधान लेवी एश्कोल आणि संसद त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि आदेशातून बेने इस्रायलींचा उल्लेख वगळावा लागला. बिऱ्हाडासोबत त्यांनी सत्याग्रहही नेला होता, असं मी मानतो, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

सोबत मलिदाही गेला. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं यांचा हा प्रसाद एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने इस्रायलमध्ये आजही होतो. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तिथून निघालं.

रास्ता पेठेतलं सिनेगॉग बघायला जाणार असाल, तर आधी विचारून जा आणि शनिवार टाळा. तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस असतो. आणि तुमच्या घरात, शेजारात कुणा बेने इस्रायली स्नेह्यांची इस्रायलहून आलेली मराठी पत्रं असतील, तर ती रद्दीत घालू नका. त्या कुटुंबाला कळवा.