सुगी, सरवा आणि साहेबाच्या देशातील पोरे



इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लंडन शहर, राजवाडा आणि धूर ओकणारे कारखाने येतात. पण त्या देशातही खेडी आहेत. तिथेही घोड्यांच्या औतावर शेती चालत होती, सरवा वेचणाऱ्या बाया होत्या आणि सुगीत शाळा बुडवणारी पोरे होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तिथे ज्यांचे बालपण गेले, ती माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी वाचल्या की साहेबाचा देश आपल्या शिवाराच्या बराच जवळ येतो.

पूर्व इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात ब्लॅक्सहॉल नावाचे एक लहान गाव आहे. तिथल्या शाळेत 1948 साली एक शिक्षिका बदलून आल्या. त्यांचे पती जॉर्ज ईवर्ट इव्हान्स हे लेखक. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून घरी राहून लिहिणे आणि मुलांकडे पाहणे त्यांच्याकडे आले. शेजारी एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची बायको राहत. त्यांच्याशी बोलता बोलता इव्हान्सना कळले, की घोड्यांची शेती, हाताने कापणी, घरच्या विटांच्या भट्टीत आठवड्यातून एकदा भाजायचा पाव, हे सारे या म्हाताऱ्यांबरोबरच संपणार आहे. त्यांनी ते लिहून घेतले आणि 1956 साली पुस्तक काढले. पुढे ते ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन दारोदार फिरले. कान अधू असलेल्या माणसाने ऐकण्याचे एवढे मोठे काम करावे, याचे मला फार कौतुक वाटते.

त्या म्हाताऱ्यांनी सांगितलेली कापणी ऐकण्यासारखी आहे. लांब दांड्याची कोयती घेऊन माणसे एकामागे एक तिरप्या ओळीत कापत जात. पुढच्याला ‘लॉर्ड’ म्हणत. नावाने सरदार, पण माणूस मजूरच. आपल्याकडचा मुकादम म्हणा. अख्ख्या सुगीचा सौदा मालकाशी तोच ठरवी आणि त्याच्या हाताच्या गतीने बाकीच्यांचे हात चालत. शेत कापून झाले तरी मालक एक पेंढी उभी ठेवी. ती असेपर्यंत आत पाऊल टाकायचे नाही. ती उचलली की बाया आणि पोरे सरव्याला धावत. काही गावांत सरवा सुरू करायची आणि थांबवायची वेळ देवळाच्या घंटेवर ठरे. घरात पोरे जास्त असलेली बाई एरवी काळजीत असे, पण या दिवसांत तिचा दबदबा! वेचलेला गहू दळून आणला की हिवाळ्यातल्या पावाची चिंता मिटे. पुढे महायुद्धाच्या काळात पोरे सरवा वेचत ती मुख्यतः घरच्या कोंबड्यांसाठी.

तो काळ रेशनचा. 8 जानेवारी 1940 रोजी सुरू झालेले रेशन तिथे 4 जुलै 1954 पर्यंत चालले. युद्ध जिंकल्यावर 1946 ते 1948 पावही रेशनवर गेला, जो ऐन लढाईतसुद्धा गेला नव्हता. त्या पिढीला विचाराल तर गोळ्या-चॉकलेटे रेशनमधून सुटली तो फेब्रुवारी 1953 मधला दिवस अजून आठवतो. पोरे पैसे मुठीत धरून दुकानापुढे उभी होती. गावच्या महिला संस्थांनी मात्र 1940 साली कमाल केली. सरकारकडून साखर मिळवून त्यांनी बागेतली वाया जाणारी फळे गोळा केली आणि एका हंगामात सोळाशे टनांहून अधिक मुरंबा-जॅम बनवला.

आता आमच्या खात्याची गोष्ट सांगतो. 1939 साली प्रत्येक परगण्यात युद्धकालीन शेती समित्या नेमल्या गेल्या. कोणते कुरण मोडायचे, कोठे बटाटा लावायचा, हे समिती सांगे. 1941 पासून पाहणी करून प्रत्येक शेतकऱ्याला अ, ब, क अशी प्रत दिली गेली. ज्याला शेती जमत नाही असे ठरले, त्याची जमीन समिती ताब्यातही घेऊ शके. शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला प्रत द्यायची, म्हणजे गावात काय झाले असेल याची कल्पना करा. उत्पादन वाढले हे खरे. तरी बांधावर उभे राहून कोणाला ‘क’ देण्याची वेळ माझ्यावर आली नाही, याचे मला बरे वाटते.

मजूर लढाईवर गेले, म्हणून 1942 पासून बारा वर्षांवरील मुलांना बटाटे काढायला वर्षाला वीस अर्धे दिवस शाळेतून सोडण्याची परवानगी मिळाली. पाठ मोडेपर्यंत वाकायचे, बोटे थंडीने बधिर व्हायची. पण गव्हाच्या शेतात कापणीचे यंत्र गोल गोल फिरत आत सरके आणि मधला उभा तुकडा लहान होत जाई, तेव्हा सारी पोरे काठ्या घेऊन कडेला उभी राहत. आत अडकलेले ससे बाहेर उधळत. मिळाला तर रात्री मटण! 1953 साली सशांची साथ आली आणि बहुतेक ससे मेले. त्याच सुमारास कम्बाइन हार्वेस्टर पसरले. मग मळणीला गावोगाव फिरणारे वाफेचे इंजिन बंद पडले आणि गंजीतून निघणाऱ्या उंदरांवर तुटून पडायची पोरांची मौजही संपली.

केंट परगण्यातली गोष्ट आपल्या ऊसतोडीच्या टोळ्यांना कळेल. बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप नावाच्या वेलीची फुले तोडायला ऑगस्टअखेर लंडनच्या गरीब वस्त्यांतून हजारो कुटुंबे येत. मालकाचे पत्र आले की आई पोरांसह, भांडीकुंडी बांधून खास रेल्वेने निघे. राहायला एका खोलीच्या झोपड्या, अंथरायला पेंढा भरलेली गादी. मापाडी बुशेलच्या टोपलीने फुले मोजी, आणि तो माप दाबून भरतो यावरून रोज भांडण. सप्टेंबरमध्ये शाळा उघडे तेव्हा ही पोरे मळ्यातच असत. 1950 नंतर यंत्रे आली आणि टोळ्या थांबल्या.

आज ती माणसे या दिवसांना ‘आमची सुट्टी’ म्हणतात. शेकोटी, गाणी, मोकळी हवा आठवते. मला मात्र वाटते, की आठवण गोड होते ती पोराच्या नजरेतून. त्याच्या आईला विचारले असते तर तिने ओले सरपण आणि बुडालेली शाळा सांगितली असती. गावातल्या मजुराच्या मुलांचेही तसेच. पुष्कळ घरे मालकाची असत. बापाची नोकरी गेली की घर सोडायचे. आपल्या सालगड्यांना हे वेगळे सांगायला नको. ही भीती कमी करणारा कायदा तिथे 1976 साली झाला. रोनाल्ड ब्लाइद यांनी 1969 साली सफोकच्या माणसांच्या तोंडून ‘एकनफील्ड’ हे पुस्तक लिहिले. त्यात हा कडवटपणा आहे, म्हणून मला ते अधिक खरे वाटते. त्यावरच्या 1974 सालच्या चित्रपटात नट म्हणून त्या भागातली खेडूत माणसेच होती. ब्लाइद शंभर वर्षे जगून 2023 साली वारले.

वाचकहो, तुमच्या ओसरीवरही असा एखादा म्हातारा बसलेला असेल. इव्हान्सना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: माणूस कामाबद्दल विचारले की मोकळा होतो. म्हणून आजोबांना ‘पूर्वी कसे होते?’ असे विचारू नका. ‘मोटेच्या नाड्याला किती हात दोर लागे, आणि तो कोण वळे?’ असे विचारा. आजीला पेवातले धान्य किडू नये म्हणून काय घालत ते विचारा. मोबाइलमध्ये आवाज टिपायची सोय असतेच. तो चालू करून बाजूला ठेवा आणि मध्ये बोलू नका.