गोत्रस्खलन आणि ‘अहो’

प्रेमांत माणसें परस्परांस लाडकें नांव कां देतात, हें सांगावयास पंडित नको. आईबापांनीं ठेवलेलें नांव साऱ्या गांवाच्या तोंडीं असतें. पंतोजी तें हजेरींत पुकारतात, वाणी उधारीच्या वहींत लिहितो. तेव्हां केवळ दोघांपुरतें, तिसऱ्याच्या कानीं न गेलेलें असें एखादें नांव असावें, अशी इच्छा होते. पण नांव आलें कीं तें चुकण्याची सोयही आलीच.

आपल्या पूर्वजांनीं या चुकीचें शास्त्रच करून ठेवलें आहे. प्रियेला हांक मारतांना जिभेवर भलतीचेंच नांव यावें, यास संस्कृत काव्यांत गोत्रस्खलन म्हणतात. येथें गोत्र म्हणजे काश्यप, भारद्वाज नव्हे. गोत्र म्हणजे नांव, आणि स्खलन म्हणजे घसरणें. घसरते जीभ, पण कपाळमोक्ष होतो तो सबंध माणसाचा.

कालिदासाला या घसरणीचें मर्म चांगलें ठाऊक होतें. ‘विक्रमोर्वशीय’ नाटकांत उर्वशी स्वर्गामध्यें भरतमुनींच्या नाट्यप्रयोगांत लक्ष्मीचें काम करते. ‘तुझें मन कोणावर जडलें आहे?’ असा तिला प्रश्न येतो. पाठ केलेलें उत्तर ‘पुरुषोत्तमावर’ असें. तोंडून निघतें ‘पुरूरव्यावर’. आरंभींचीं दोन अक्षरें जवळजवळ बरोबर आलीं होतीं, पण परीक्षक कडक. भरतमुनी शाप देतात आणि एका नांवापायीं तिचा स्वर्ग जातो. अर्थात् पुरूरवा पृथ्वीवरच असल्यामुळें ही शिक्षा तिला फारशी जाचली नाहीं.

‘कुमारसंभवा’च्या चौथ्या सर्गांत मात्र हाच विषय निराळ्या सुरांत येतो. शंकराच्या नेत्राग्नीनें मदन भस्म झाला आहे आणि रति विलाप करीत आहे. भलत्या नांवानें हांक मारल्याबद्दल आपण त्याला कमरपट्ट्यानें बांधीत असूं, कानावरच्या कमळानें मारीत असूं, याची ती त्याला आठवण देते. ऐकावयास तो उरलेला नाहीं. ज्या चुकीवरून एवढे रुसवे झाले, ती चूक पुनः एकदां कानीं पडती तर तिनें काय दिलें नसतें!

दुसरें संकट तिसऱ्या कानाचें. ‘अमरुशतकां’त एक पोपट आहे. दांपत्यानें रात्रीं केलेल्या गुजगोष्टी तो ऐकतो आणि सकाळीं वडील मंडळींसमोर मोठ्यानें म्हणूं लागतो. सून लाजेनें अर्धमेली होते. पण डोकें ठिकाणावर आहे. कानांतलें माणिक काढून, डाळिंबाचा दाणा म्हणून ती त्याच्या चोंचींत घालते आणि त्याची बडबड थांबवते. घरांत पोपट असेल तर खरें डाळिंबही असावें, नाहीं तर प्रेम फार महाग पडतें.

या दोन्ही संकटांवर मराठी घरानें तोडगा काढला तो असा, कीं नांवच घ्यावयाचें नाहीं. पत्नीनें ‘अहो’ म्हणावें, पतीनें ‘अग’ म्हणावें. इतरांशीं बोलतांना ‘इकडून’, ‘तिकडून’, फार तर ‘स्वारी’. ‘अहो’चें गोत्रस्खलन कसें होणार? आणि पोपटानें ‘अहो’ म्हटलें तर कोणी लाजावें? नांव घ्यावयाचें तें हळदीकुंकवाला, लग्नांत घांस देतांना, आणि तेंही उखाण्याच्या यमकाआड लपवून.

पण तोडगाही घसरतो. नवी सून माजघराच्या दारांतून हळूच ‘अहो’ म्हणते, आणि ओटीवरून ‘काय ग?’ असें उत्तर देतात ते सासरे. भर मंडईंत तीच हांक मारली तर पांचसात गृहस्थ एकदम वळून पाहतात. लग्नांत तांदुळांच्या ताटांत अंगठीनें जें नवें नांव लिहितात, त्याचीही गंमत हीच. नवरदेवानें हौसेनें निवडलेलें नांव नेमकें एखाद्या चुलतसासूबाईंचें निघतें. आणि जिला तें दिलें ती पहिले आठ दिवस त्या हांकेला वळतच नाहीं. कोणा दुसरीलाच बोलावीत आहेत असें तिला वाटतें. तिचें वाटणें अगदींच खोटें म्हणवत नाहीं.

आतां शहरांतील पुष्कळ जोडपीं एकमेकांस सरळ नांवानें हांक मारतात, लाडकीं नांवेंही ठेवतात, आणि जुनीं संकटें परत आलीं आहेत. ‘पिल्लू, जेवलीस का?’ हा निरोप मोबाइलवरून कचेरीच्या गटांत जाऊन पडतो. या नव्या पोपटाच्या चोंचींत माणिक कोंबतां येत नाहीं.

जुन्या रीतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यायमूर्ति रानडे १९०१ सालीं वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई माहेरच्या यमुना. रमा हें नांव सासरचें. त्यांनीं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत पतीचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. स्वतः जेवावयास बसले, स्वतः फिरावयास गेले, असें. वाचकाला आरंभीं थोडें अडखळावयास होतें. चारदोन पानांनंतर तें मान्यवर न्यायाधीशाचें नांव न राहतां घरांतल्या माणसाचें होऊन जातें. १९३८ सालीं त्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर निघालें, तेव्हां त्याला नांव दिलें तें ‘हिमसेल्फ’.