घाट, गिअर आणि ब्रेकची रबरं

“सायकल असून हातानं वडत कुठं निघालीस गं बाई?” डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेल्या आजींनी मला यवतेश्वरच्या घाटात विचारलं आणि माझा उरलासुरला तोराही उतरला. सकाळचे सात वाजत होते. साताऱ्याहून कासला सायकलवरून जायचं म्हणून आम्ही चौघी मैत्रिणी मोठ्या उत्साहात निघालो होतो आणि तिसऱ्याच वळणावर मी खाली उतरले होते.

तसं सायकलचं आणि माझं नातं जुनंच. तासाला एक रुपया भाडं देऊन, दांड्याखालून पाय घालून मी सायकल शिकले. सातवीनंतर मात्र “आता पुरे” असं आजीनं सांगितलं आणि विषय संपला. मधे चांगली तीस वर्षं गेली. लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली, तेव्हा मी ती पुसली. “अहो, मी कासला जाऊन येते सायकलवर,” म्हटल्यावर ह्यांनी आधी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

सातारा ते कास साधारण पंचवीस किलोमीटर. सुरुवातीलाच घाट. हलका गिअर आधीच टाकायचा, चढ अंगावर आल्यावर नाही, एवढं एक शहाणपण मला त्या तिसऱ्या वळणानं शिकवलं. श्वास लागला की थांबायचं, मागे वळून पाहायचं. खाली धुक्यातून सातारा आणि समोर अजिंक्यतारा! गाडीतून शंभरदा पाहिलेला हा देखावा, पण घामाघूम होऊन पाहिला तेव्हा त्याची किंमत कळली.

यवतेश्वर मागे टाकल्यावर रस्ता जरा सुसह्य होतो. पेट्रीच्या पुढे एका हॉटेलात पिठलं-भाकरी आणि खर्डा खाल्ला. (घरी मोजून दीड भाकरी खाणारी मी, तिथे तीन खाल्ल्या!) पठारावर पोचलो तेव्हा तेरड्यानं गुलाबी गालिचा घातलेला. त्यात गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक. खाली जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर, म्हणून इथे मोठी झाडं धरत नाहीत आणि या इवल्या फुलांचं फावतं. सीतेची आसवं तर बारीक किडे खाऊन राहतात! पश्चिम घाटातल्या ज्या जागांना युनेस्कोनं २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हटलं, त्यात कास आहे.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. कासजवळच्या एका वाडीतल्या सात मुलींना आमच्या महिला मंडळानं दोन वर्षांपूर्वी सायकली दिल्या होत्या. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. भाषण मीच केलं. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, ते उदाहरणही दिलं. पुदुकोट्टईचा मुलूख बराचसा सपाट आहे, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

शनिवार असल्यामुळे शाळा सकाळची होती. परतताना वाडीच्या फाट्यावर त्यातलीच एक मुलगी भेटली. दप्तर कॅरिअरला बांधलेलं आणि सायकल हातानं ढकलत चढ चढत होती. अगदी सकाळच्या माझ्यासारखी. फरक एवढाच, की माझ्या सायकलला गिअर होते, तिच्या नाही.

“जाताना झ्याक जाती ताई, सगळा उतारच हाय. येताना आमीच तिला नेतो.”

“आणि बाकीच्या मुली?”

“दोघीच आणतो. ब्रेक लागत न्हाईत ना. मी पाय घासून थांबवती.”

तिनं चप्पल दाखवली. टाच झिजून कागदासारखी झालेली. मी ब्रेक दाबून पाहिला, रबरं पार संपलेली. पावसात ओल्या रिमवर नव्या रबरांनाही पकड कमी मिळते, इथे तर रबरच नव्हतं. सायकली दिल्यावर त्यांची दुरुस्ती कोण करणार, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नव्हतं. जवळचं दुकान थेट साताऱ्यात!

घाट उतरताना माझे दोन्ही हात ब्रेकवर होते. सारखा दाबून धरायचा नाही, दाबायचा-सोडायचा, नाहीतर रबर तापतं, हे लेकीनं फोनवर बजावलं होतं. पोवई नाक्यावर पोचेपर्यंत बोटं आखडून गेली. सगळा वेळ मला ती टाच दिसत होती.

घरी न जाता तशीच सायकलच्या दुकानात गेले. सात सायकलींची रबरं मागितली आणि महिन्यातून एकदा वर येऊन दुरुस्ती कराल का, असंही विचारलं. जाण्यायेण्याचं भाडं मंडळानं द्यायचं, या बोलीवर ते तयार झाले. रबरं बांधून देताना माझ्या चिखलानं माखलेल्या पंजाबी ड्रेसकडे पाहत म्हणाले, “वहिनी, गाडीनं जायचं की पण! एवढं सायकलनं कशाला?”