हरभऱ्याचे बी राखताना झाड कोठे उभे आहे तेही पाहा



पूर्वहंगामी उसात आंतरपीक म्हणून, किंवा ऊस लवकर तुटल्यावर मोकळ्या झालेल्या रानात, आपल्यापैकी पुष्कळजण हरभरा घेतात. काढणीला घाट्यांनी लदलेले झाड दिसले की त्याचे बी बाजूला ठेवायचे, ही आपली जुनी रीत. रीत चांगली आहे, पण तिच्यात एक फसगत आहे. ती ओळखली नाही तर वर्षानुवर्षे निवड करूनही उतारा जागचा हलत नाही.

आधी उसाकडेच पाहा. को 86032 चे बेणे कांडीपासून कांडी असे वाढत आले, म्हणजे रक्त एकच. तरीही एकाच फडात एक बेट भरदार तर दुसरे किरकोळ असते. हा फरक पाण्याचा, खताचा आणि जागेचा. हरभऱ्याचे फूल उमलण्यापूर्वीच स्वतःच्या परागाने फळते. त्यामुळे शुद्ध वाणातली सगळी झाडेही जवळपास एकाच रक्ताची असतात. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ योहान्सन यांनी 1903 साली घेवड्यावर हेच दाखविले. एकाच झाडाच्या वंशातले मोठे दाणे आणि बारीक दाणे त्यांनी वेगळे पेरले. दोन्हींच्या पिकात दाण्याचे सरासरी वजन सारखेच आले.

मग निवड कोठे फळते? जेथे रक्तातच फरक आहे तेथे. हैदराबादजवळ पाटनचेरूच्या इक्रिसॅट संस्थेत हरभऱ्याचे 20 हजारांवर नमुने जपलेले आहेत. त्यांत कोणी लवकर फुलणारा, कोणी उंच, कोणी एका देठाला दोन घाटे धरणारा, तर कोणी मर रोगाला दाद न देणारा. राहुरी विद्यापीठाच्या विजय, दिग्विजय या वाणांत मर रोगाला तोंड देण्याची ताकद आहे. विक्रम उंच वाढतो म्हणून यंत्राने काढता येतो. हे गुण अशा फरकातूनच निवडून आणलेले आहेत.

आता मुद्द्याचे. दाण्याचे वजन आणि फुलोऱ्याचे दिवस हे गुण बियाबरोबर बऱ्याच खात्रीने पुढे जातात. घाट्यांची संख्या उताऱ्याशी सर्वांत जवळची, पण तीच जागेप्रमाणे सर्वांत जास्त बदलते. पाटाकडेच्या किंवा तुटाळीशेजारच्या झाडाला ओल, ऊन, जागा जास्त मिळते, म्हणून ते लदते. त्याचे बी पुढच्या साली मधल्या ओळीत पेरले की इतरांसारखेच पिकते. नुसत्या टपोऱ्या दाण्यावरही भुलू नये. टपोऱ्या वाणाला बहुधा घाटे कमी लागतात, आणि बीही जास्त लागते: विजयला एकरी 26 ते 28 किलो, तर दिग्विजयला 40 किलो.

घरचे बी मिसळीचे असेल तर असे करावे :

1. बांधाकडेच्या व पाटाकडेच्या ओळी सोडून, चहूबाजूंनी सारखी दाटी असलेली 40-50 चांगली झाडे निवडावीत.

2. प्रत्येक झाड वेगळे मळून बी वेगळ्या पुडीत ठेवावे.

3. पुढच्या हंगामात प्रत्येक पुडीची एकेक स्वतंत्र ओळ पेरावी. पूर्ण ओळ सरस निघाली तर गुण रक्ताचा. ओळ साधारण निघाली तर तो गुण जागेचा होता.

4. मर लागलेल्या पट्ट्यात एखादे झाड हिरवेगार राहिले तर त्याचे बी जरूर घ्यावे, पण त्याची ओळ पुन्हा त्याच पट्ट्यात पेरून पारख करावी. नुसते नशिबाने वाचलेले झाड तेथे उघडे पडते.

ज्यांच्याकडे शुद्ध वाणाचे प्रमाणित बी आहे त्यांनी झाडे निवडण्यात वेळ घालवू नये. त्यांनी फुलोऱ्यात वेगळ्या रंगाच्या फुलांची, वेगळ्या उंचीची भेसळ उपटावी, मर लागलेली झाडे मुळासकट काढून जाळावीत आणि दर तीन वर्षांनी बी बदलावे.

यंदा काढणीपूर्वी एकदा रानातून फिरा. भरलेले झाड दिसले की आधी ते कोठे उभे आहे ते पाहा, मग हात घाला.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते