गलका आधी, शब्द नंतर

इंदूरच्या होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला हिंदी क्रिकेट समालोचक सुशील दोशी यांचं नाव दिलेलं आहे आणि २०१६ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. पण या माणसाची खरी मिळकत कुठली, हे पाहायचं तर स्टेडियम सोडून जिल्ह्यातल्या हातोदसारख्या गावाकडे वळावं. आपल्याकडे कसोटीचा हंगाम नेमका रब्बीच्या हंगामातच येतो. गव्हाला पाणी देता देता बांधावरच्या ट्रान्झिस्टरवर सामना ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्टेडियम आतून कधी पाहिलेलंच नव्हतं. धावफलक तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही मिळायचा. त्यांना हवं होतं ते मैदान, आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून दोशींनी हिंदीतून ते त्यांच्यापुढे उभं केलं. जुने श्रोते त्यांचं नाव अजून काढतात, ते माझ्या मते याचसाठी.

रेडिओवर एक गंमत होते. मैदानातला गलका आधी ऐकू येतो आणि शब्द मागून पोचतात. चौकार गेला की दांडी उडाली? त्या अर्ध्या क्षणात श्रोत्याचा श्वास अडकलेला असतो. चांगला समालोचक तेवढ्यात टप्पा कुठे पडला, फलंदाज पुढे आला की मागे सरला, चेंडू कुणाच्या डावीकडून निसटला हे क्रमाने सांगून मोकळा होतो. दोशींचा झपाटा इथे कामी यायचा.

यावर जुना आक्षेप आहे की हिंदी समालोचक सजावट फार करत. साधा फटकाही त्यांच्या तोंडी पराक्रम व्हायचा. आक्षेप अगदीच खोटा नाही. चेंडू हवेत असताना उपमा सुचणं हा दोषच. पण कसोटीत खेळापेक्षा वाट पाहणंच जास्त असतं, आणि दोन षटकांमधल्या त्या रिकाम्या वेळात बोलणाऱ्याला थोडी मोकळीक द्यायलाच हवी. इंग्रजी आणि हिंदी समालोचन आलटून पालटून यायचं, त्यामुळे तुलनाही श्रोत्यांच्या कानांसमोरच होत होती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: आकाशवाणीशिवाय पर्यायच नव्हता, मग प्रेम कसलं? पण एकाधिकाराने कान मिळतात, जिव्हाळा नाही. त्याच माइकवर कितीतरी जण येऊन गेले. लोकांच्या तोंडी राहिली ती जसदेव सिंग, दोशी अशी मोजकी नावं. अमेरिकेत तर पर्यायांची वानवा नव्हती. तरीही बास्केटबॉलमधल्या लेकर्स संघाचे चिक हर्न लॉस एंजेलिसच्या श्रोत्यांना घरच्यासारखे वाटत. १९६५ ते २००१ या काळात त्यांनी सलग ३,३३८ सामन्यांचं वर्णन केलं. फरक एवढाच की हर्न एका संघाचे होते. दोशींच्या मागे एखादा क्लब नव्हता. होता तो हिंदी समजणारा अख्खा मुलूख.

टीव्ही आल्यावरही बरेच जण त्याचा आवाज बंद करून शेजारी रेडिओ लावत. पुढे रिप्लेने चेंडू कुठे गेला हे सांगण्याचं कामच काढून घेतलं आणि कक्षात माजी खेळाडू बसू लागले. ८ डिसेंबर २०११ रोजी याच होळकर स्टेडियमवर सेहवागने २१९ धावा केल्या. त्यातले फटके इंदूरकरांना आजही आठवतात. समालोचन कुणाचं होतं, हे किती जणांना सांगता येईल?